सातवा आकडा

सोललेली काकी-फळे वाळत घालायला त्यांचे देठ दोरीच्या पिळात अडकवत इसाकु शिडीवर उभा होता आणि खालून त्याची बायको ओतोयो एकेक फळ वर देत होती. तेवढ्यात घोड्यांचा दलाल मोहेई अंगणात शिरला. एरवी घोड्याला पाणी दाखवल्याशिवाय तो माणसांशी बोलत नसे. आज त्याने लगाम तसाच सोडून दिला, पोटाशी बांधलेले गाठोडे उलगडले आणि त्यातले निळ्या वेष्टनाचे पुस्तक फळांच्या टोपलीवरच ठेवले.

“गुरुजी, एकतिसावं पान काढा.”

“हात चिकट आहेत माझे.”

“मग मी काढतो. पण तुम्ही आधी खाली उतरा. शिडीवर उभं राहून वाचायची गोष्ट नाही ही.”

इसाकु उतरला. कमरेच्या फडक्याला त्याने हात पुसले, पुन्हा पुसले, आणि मोहेईने उघडून धरलेल्या पानावर वाकला.

पानावर आकृती होती. एक जाड गोल तुळई, आणि तिच्यातून आरपार गेलेली बारीक गोल तुळई. बारीक तुळईचे नेमके किती लाकूड जाड तुळईच्या पोटात आहे, असा प्रश्न. त्याखाली बारा आकडे, एकाखाली एक, आणि कृती: जाडीचे प्रमाण घेऊन पहिल्यातून दुसरा वजा करा, मग तिसरा, मग चौथा, जितके पुढे जाल तितके उत्तर नेमके होईल.

पहिले दोन आकडे इसाकुने वाचले. उरलेले दहा त्याला वाचावे लागले नाहीत.

“कोणाचं पुस्तक?” ओतोयोने विचारले.

“एदो शहरातले निइदा शुसाई,” मोहेई म्हणाला. “मोठं प्रस्थ आहे म्हणे आता. प्रस्तावनेत लिहिलंय, अकरा वर्षांच्या चिंतनानंतर आपल्याला हे गवसलं. अकरा! आणि मी बारा वर्षांपूर्वी तुमच्याकडे शिकायला आलो, तेव्हा पहिल्याच हिवाळ्यात तुम्ही हे बारा आकडे माझ्याकडून घोकून घेतले होते.”

ओतोयोच्या हातातले फळ तसेच राहिले. “निइदा म्हणजे तोच ना? बर्फात अडकून आपल्याकडे राहिला होता तो? माझ्या मुळ्याच्या लोणच्याला खारट म्हणायचा?”

 इसाकु पुन्हा शिडी चढला आणि हात पुढे केला. तिने फळ दिले. देठ पिळात बसेना. त्याने ते तीनदा बसवले आणि तिन्ही वेळा ते खाली पडले.

सोळा वर्षांपूर्वीची गोष्ट. त्या काळी गावोगाव फिरून गणित शिकवणारे लोक असत. शुसाई त्यांतलाच एक, पातळ चपला घालून उत्तरेच्या हिवाळ्यात शिरलेला. तापाने फणफणलेला तो माणूस या दारात येऊन पडला आणि चाळीस दिवस राहिला. उठून बसू लागला तेव्हा इसाकुने त्याला आपली वही दाखवली. इसाकुची दोन शेते होती, उन्हाळ्यात तो रेशमाचे किडे पाळी आणि हिवाळ्यात गावातल्या सात-आठ जणांना हिशेब आणि भूमिती शिकवी. तुळयांचा प्रश्न त्याला एका सुताराने विचारला होता. सुतार उत्तराची वाट न पाहता निघून गेला. इसाकु चार हिवाळे त्यावर बसला. वहीत बारा आकडे तेवढे होते. ते कसे निघतात हे त्याने पाहुण्याला सांगितले नव्हते. लपवायचे म्हणून नव्हे. पाहुण्याने विचारावे, मग सांगावे, एवढेच त्याच्या मनात होते. पण त्या आठवड्यात बर्फ वितळले, वाट मोकळी झाली आणि पाहुणा गेला.

---

पुढच्या महिन्यात निइदा शुसाई किल्ल्याच्या गावी येणार असल्याची बातमीही मोहेईनेच आणली. सरदारांच्या पाठशाळेत त्यांची व्याख्याने होती. मोहेईने बाकीच्या शिष्यांना गोळा केले, देवळाच्या पुजाऱ्याकडून हा शोध इसाकुचा असल्याचा अर्ज लिहून घेतला आणि पाठशाळेचे अधिकारी कुझे-सामा यांच्याकडे दिला. त्यांनी सुनावणीचा दिवस नेमून दिला. इतकेच नाही, तर देवळात टांगायला गणिताची पाटी करायचेही त्यांनी ठरवले. चांगल्या देवदार लाकडाची पाटी, तीत आकृती, बारा आकडे आणि वर इसाकुचे नाव.

“कशाला एवढं?” इसाकु म्हणाला, पण म्हणताना त्याने नजर दुसरीकडे वळवली. त्या महिन्यात तो कमी जेवत होता आणि पहाटे ओतोयोच्या आधी उठत होता. एकदा ती पाणी आणायला निघाली, तर तो अंगणात उभा राहून मोठ्याने कोणाला तरी सांगत होता, “तो बर्फाचा हिवाळा होता, महाराज.”

सुनावणीच्या आधी त्याने एक गोष्ट ठरवली. पुस्तकात बारा आकडे होते. आपण वीस काढून न्यायचे. ज्याने नुसते उतरवून घेतले, त्याला तेरावा येणार नाही.

दिवसभर तो खिडकीपाशी सोरोबान, म्हणजे हिशेबाची मण्यांची चौकट, घेऊन बसे. मणी सरकत राहत. ओतोयोला अक्षरे फारशी येत नव्हती, पण आकडे येत होते; ती चुलीपाशी काम करता करता आधीचा आकडा वाचून दाखवी आणि तो पुढचा काढी. तेरावा निघाला, चौदावा निघाला. एकेक निघाला की तो बेरजेचा ताळा घेई. दोन्ही तुळया सारख्याच जाडीच्या असतील तर उत्तर दुसऱ्या वाटेनेही काढता येते: जाडीचा घन करायचा आणि त्याचे दोन तृतीयांश घ्यायचे. आकडे वजा करत करत आपण त्या उत्तराच्या जवळ जात राहायला हवे. जवळ, आणखी जवळ. पण त्याच्या खाली कधीच नाही.

पंधराव्या आकड्यापाशी उत्तर खाली गेले.

“पुन्हा वाच.”

तिने पुन्हा वाचला. त्याने पुन्हा मणी मांडले. पुन्हा खाली.

तो पंधराव्यावरून मागे चौदाव्यावर आला, तिथून तेराव्यावर, आणि असा मागे मागे दुपार टळेपर्यंत गेला. सातव्यापाशी थांबला. तिथे नवाने आणि अकराने गुणायचे होते. सोळा वर्षांपूर्वीच्या त्या हिवाळ्यात त्याने नवाने आणि तेराने गुणले होते. दरेक आकडा आधीच्या आकड्यातून निघतो, म्हणून सातव्यापासून पुढचे सगळे चुकले होते. आणि चूक अशी की बारा आकड्यांपर्यंत उत्तर बिघडण्याऐवजी खऱ्याच्या जास्तच जवळ दिसावे. त्या हिवाळ्यात ते किती जवळ आले हे पाहून तो सोरोबान बाजूला ठेवून अंगणात गेला होता आणि आनंदाने बर्फात बसला होता, हे त्याला आठवले.

“काय झालं?” ओतोयो म्हणाली.

त्याने पुस्तक ओढले, एकतिसावे पान काढले आणि सातव्या आकड्यावर बोट ठेवले. बोट खाली सरकवत तो बाराव्यापर्यंत गेला. मग हसायला लागला. ओतोयोने त्याला असे हसताना कितीतरी वर्षांत पाहिले नव्हते.

“चुकलोय मी,” तो म्हणाला. “आणि त्याच्या पुस्तकात माझीच चूक छापलीये. अगं, बरोबर उत्तर दोघांना सापडू शकतं. पण तीच चूक, त्याच जागी, त्याच दोन आकड्यांची? ती कशी सापडेल? पकडला गेला तो!”

ओतोयो हातातली पळी खाली ठेवून पुढे आली. तिने वहीकडे पाहिले, मग पुस्तकाकडे पाहिले.

“दोन्हींत सारखीच चूक आहे.”

“तेच तर म्हणतोय.”

“मग ती कोणाची, हे कसं कळायचं?”

“माझी! माझ्या वहीत आहे ना ती!”

ती आणखी काहीतरी बोलणार होती. पण त्याचा चेहरा पाहून ती पुन्हा चुलीकडे गेली.

---

पाठशाळेच्या दालनात कुझे-सामा उंचावर बसले होते, निइदा शुसाई त्यांच्या उजव्या हाताला. इसाकु आणि मोहेई यांना उंबऱ्याच्या आतली, पण चटयांपेक्षा खालच्या पातळीवरची लाकडी जागा मिळाली होती. ओतोयोला बाहेर घोड्यापाशी थांबायला सांगितले होते.

शुसाई म्हातारा दिसत होता. इसाकुपेक्षा तो चार वर्षांनी लहान, पण केस पार पांढरे झाले होते. त्याने इसाकुला पाहून मान लववली, ओळखीच्या माणसाला लववतात तशी नाही आणि अनोळखी माणसाला लववतात तशीही नाही.

इसाकुने जे ठरवले होते ते सगळे सांगितले. न अडखळता सांगितले. बर्फ, ताप, चाळीस दिवस, वही. मग त्याने सातव्या आकड्याची चूक उलगडून दाखवली, बरोबर आकडा सांगितला आणि वीस आकड्यांचा कागद पुढे सरकवला. कुझे-सामा स्वतः गणित शिकलेले होते. त्यांनी सोरोबान मागवली, बराच वेळ मणी सरकवले आणि वर पाहिले.

“चूक खरी आहे,” ते म्हणाले.

मोहेईने मागून इसाकुच्या पाठीला बोटाने हळूच ढोसले.

“आता ही वही. हिच्यावर साल कुठं आहे?”

“साल घातलं नव्हतं, महाराज. पण कागद बघावेत. जुन्या पंचांगाच्या पाठकोऱ्या बाजूला लिहिलंय. पंचांग त्या हिवाळ्याच्या आदल्या वर्षाचं आहे.”

“जुनी पंचांगं माझ्याही घरी पडून आहेत. त्यांच्या मागे मी आज काही लिहिलं, तर ते सोळा वर्षांपूर्वीचं होईल का?”

इसाकुने वही पुन्हा स्वतःकडे ओढली.

“पुस्तकावर छापणाऱ्याचा शिक्का आहे, साल आहे. दोन्हींत एकच चूक आहे, म्हणजे एकाने दुसऱ्याचं घेतलं हे मला मान्य आहे. कोणी कोणाचं घेतलं, हे ही चूक सांगत नाही.”

“मी साक्ष देतो, महाराज!” मोहेई गुडघ्यांवर पुढे सरकला. “बारा वर्षांपूर्वी हे आकडे मी पाठ केलेत. आत्ता म्हणून दाखवतो.”

“म्हण.”

मोहेईने बाराही आकडे धडाधड म्हटले, बाजारात घोड्यांचे गुण सांगावेत तसे.

“आता आठवा आकडा सातव्यातून कसा काढतात, ते सांग.”

मोहेईने इसाकुकडे पाहिले. मग जमिनीकडे पाहिले. “ते मला कधी समजलं नाही, महाराज. गुरुजींनी पुष्कळदा सांगितलं.”

“म्हणजे पुस्तक पाहून परवा पाठ केले असतेस, तरी असंच म्हणून दाखवलं असतंस.”

इसाकुला तेव्हा आपल्याजवळचे शेवटचे जे होते ते आठवले. त्याने मान वर केली. “महाराज, यांना तेरावा आकडा विचारावा. कसा काढायचा तेही विचारावं. मी आत्ता इथं, सगळ्यांसमोर सांगायला तयार आहे.”

 शुसाईने पंखा मिटून गुडघ्यासमोर ठेवला.

“रीत सांगायला मी बांधील नाही,” तो सावकाश म्हणाला. “आमच्या पंथात दीक्षा घेताना रक्ताच्या ठशाची शपथ असते. उत्तर उघड करावं, रीत करू नये. कुझे-सामांनीही तीच शपथ घेतलेली आहे.”

कुझे-सामांनी मान हलवली. त्यांना ते पटले, आणि पटण्यासारखेच होते. अशी शपथ सगळेच घेत. इसाकुच्या गावात तेवढी कोणी घेत नसे, कारण त्याच्याकडे शपथ घेण्याजोगे काही शिकायला कोणी येतच नव्हते.

“मात्र,” शुसाई पुढे म्हणाला, “चूक दाखवल्याबद्दल मी यांचा ऋणी आहे. पुस्तकाची दुसरी आवृत्ती वसंतात निघेल. तीत सातव्यापासूनचे आकडे मी दुरुस्त करीन आणि शेवटी यांचं नाव छापीन. अमुक गावच्या इसाकु यांनी ही दुरुस्ती सुचवली, असं.”

“हे थोर मनाचं लक्षण आहे,” कुझे-सामा म्हणाले आणि लेखनिकाकडे वळले.

बाहेर आल्यावर मोहेईचे डोळे चमकत होते. लगाम सोडवत तो ओतोयोला म्हणाला, “वहिनी, एदोत छापून येणार गुरुजींचं नाव! एवढ्या मोठ्या माणसाची चूक काढली त्यांनी, आणि त्याला सगळ्यांसमोर कबूल करावं लागलं!”

ओतोयो इसाकुकडे पाहत राहिली. इसाकु घोड्याच्या मानेवरून हात फिरवत होता.

“मला आत का नाही बोलावलं?” ती म्हणाली. “तो किती दिवस राहिला, मी सांगितलं असतं. कोणत्या कुशीवर झोपायचा तेसुद्धा सांगितलं असतं.”

“तू माझी बायको आहेस.”

“म्हणून मला दिसलं नाही की काय?”

 घरी पोचेपर्यंत एकटा मोहेईच बोलत होता.

---

पाटी आधीच तयार होत आली होती. मजकूर तेवढा बदलला. बारा आकड्यांच्या जागी दुरुस्त केलेले वीस आले आणि त्यांच्या बाजूला शिष्यांनी कौतुकाने लिहवून घेतले: एदोच्या निइदा शुसाई यांच्या ग्रंथातील दोष आमच्या गुरूंनी दूर केला. इसाकुला हे कळले तेव्हा अक्षरे लाकडात कोरून झाली होती.

“असं नको होतं,” तो पुजाऱ्याला म्हणाला.

“का? खोटं आहे का यात काही?”

इसाकुने मजकूर पुन्हा वाचला. त्यात खोटे काहीच नव्हते.

पाटी टांगली त्या दिवशी गावाने भाताचे लाडू वाटले. लोक खाली उभे राहून मान वर करून आकडे पाहत होते आणि इसाकुला वाकून नमस्कार करत होते. त्यानेही प्रत्येकाला परत नमस्कार केला. घरी येऊन तो जेवला आणि दुसऱ्या दिवसापासून गोठ्याचे छप्पर शाकारायला लागला. सोरोबान कोनाड्यात ठेवून दिली. शिकायला आलेल्यांना त्याने सांगितले की यंदा हिवाळ्यात वर्ग नाही.

“आजारी आहात का?” मोहेईने विचारले.

“नाही.”

“मग?”

“छप्पर गळतंय,” इसाकु म्हणाला.

बर्फाने वाट बंद होण्याच्या दोन-तीन दिवस आधी, सकाळच्या वेळी, निइदा शुसाई एकटाच चालत आला. या खेपेस पायांत जाड गवती बूट होते. ओतोयोने त्याला अंगणात शिरताना पाहिले आणि ती दारातच उभी राहिली.

“आहेत का?”

“छपरावर आहेत.”

“थांबतो मी.”

“थांबा की. बाहेर थांबायला कोणाची परवानगी लागत नाही.”

शुसाईने मान लववली आणि खरोखरच अंगणात उभा राहिला. इसाकु वरून त्याला पाहत होता. हातातली पेंढी बांधून झाली, दुसरी झाली, तिसरीही झाली. खाली तो माणूस तसाच उभा होता, हात बाह्यांत घालून. चौथी पेंढी बांधायला इसाकुजवळ दोरी उरली नाही, तेव्हा तो उतरला.

खिडकीपाशी दोघे बसले. ओतोयोने चुलीत लाकूड घातले, पण चहाचे भांडे चढवले नाही.

“पहिली दोन वर्षं मला आठवत होतं की हे तुमचं आहे,” शुसाई म्हणाला. त्याने प्रस्तावना अशी काही केलीच नाही. “शिकवताना मी म्हणायचोही, उत्तरेला एका शेतकऱ्याकडे पाहिलं. मग एदोत आश्रय मिळाला. तिथं शेतकऱ्याकडे पाहिलेलं चालत नाही. एक वर्ष नुसतं ‘पाहिलं’ म्हणालो. पुढं ‘सापडलं’ म्हणायला लागलो. म्हणता म्हणता मला खरंच आठवायला लागलं, कुठं बसलो होतो, कसं सापडलं.”

“हे सभेत म्हणायचं होतं.”

“सभेत कुझे-सामा होते.”

“मग आता कशाला आलात?”

शुसाईने बाहीतून कागद काढले, दऊत काढली, कुंचला काढला आणि सगळे चटईवर मांडले.  “वसंतात सरदार स्वतः बसणार आहेत. त्यांना शपथ लागू नाही. रीत विचारतील. मी वीस आकडे घेऊन महिनाभर बसलोय, इसाकु-सान. सहाव्यापर्यंत काहीतरी लागतंय असं वाटतं, आणि मग हातातून निसटतं. मला येत नाही ते.”

चुलीपाशी ओतोयोचा हात थांबला.

“म्हणजे आकडे नेलेत, आता रीतही न्यायला आलात,” ती म्हणाली. “घोंगडी देऊ का बांधून, सगळं न्यायला?”

“वहिनी, तुम्ही बोलाल ते खरंच आहे.”

“वहिनी म्हणू नका मला.”

इसाकु खिडकीबाहेर पाहत होता. या माणसाला हाकलून द्यावे, हे त्याला कळत होते. तो रिकाम्या हाताने गेला, वसंतात सरदारांपुढे बसला आणि त्याला तेरावा आकडा आला नाही, की सगळे उघडे पडेल. मात्र तेव्हा कोणी उत्तरेतल्या दोन शेतांच्या मालकाला शोधत येणार नव्हते. नियमच फसवा निघाला, असे म्हणतील; पुस्तकातून पान काढून टाकतील. एकतिसाव्या पानावरची ती आकृती कोणाचीच राहणार नाही.

आणि दुसरे असे, की बारा वर्षे त्याने ही रीत मोहेईला सांगितली होती, पुजाऱ्याला सांगितली होती, गवंड्याला सांगितली होती. ते मान हलवत आणि आकडे पाठ करत. सहाव्यापर्यंत काहीतरी लागतंय, असे त्याला आजवर कोणीच म्हटले नव्हते.

“सहाव्यापर्यंत काय लागतंय?” त्याने विचारले.

“विषम संख्या येतात कुठूनतरी. पण त्या एकेकट्या नाहीत.”

“दोन-दोन आहेत,” इसाकु म्हणाला आणि स्वतःच्या आवाजाने दचकला. मग सावकाश पुढे म्हणाला, “वर दोन लागोपाठच्या विषम, खाली दोन लागोपाठच्या सम. एक आणि तीन, भागिले चार आणि सहा. पुढं तीन आणि पाच, भागिले सहा आणि आठ. प्रत्येक वेळी एक जुनी संख्या ठेवायची, एक नवी घ्यायची. लिहा.”

शुसाई लिहू लागला. नियम सांगून झाल्यावर इसाकुने तो कुठून येतो ते सांगितले. बारीक तुळईचे पातळ पातळ काप कल्पायचे, प्रत्येक कापाची लांबी मांडायची, आणि मग ते सगळे एकावर एक रचायचे. हे सांगताना त्याने हाताने काप केले, चटईच्या कडेवर बोट ओढले, एकदा उठून चुलीजवळचा मुळा आणून चिरून दाखवला. ओतोयोने मुळा जाताना पाहिला आणि दुसरा सोलायला घेतला. सातव्यापाशी तो म्हणाला, “नऊ आणि अकरा. अकरा नीट लिहा,” आणि शाई वाळेपर्यंत त्या अक्षराकडे पाहत राहिला.

ते कागद एदोला जाणार, आणि तिथे कोणाच्या नावाने छापले जाणार, हे खोलीतल्या तिघांनाही ठाऊक होते.

“सगळं सांगून झालं?” बऱ्याच वेळाने ओतोयोने विचारले.

“झालं.”

“मग जेवून घ्या. यांना वाट आहे पुढची.”

शुसाई उठला नाही. तो पहिल्या कागदापासून पुन्हा वाचत होता, ओठ हलवत. शेवटच्या कागदावरच्या आकृतीशी तो थांबला. त्याचा चेहरा बदलला होता. सोळा वर्षांपूर्वी ताप उतरल्यावर पहिल्यांदा उठून बसलेल्या माणसाचा चेहरा असावा तसा. त्याने आकृतीतल्या बारीक तुळईवर बोट ठेवले आणि ते हळूच एका बाजूला झुकवले.

“इसाकु-सान, ही सरळ न जाता तिरकी गेली तर?”

इसाकुने आकृतीकडे पाहिले.

हे त्याने कधी मनातच आणले नव्हते. काप तेच राहतील, पण त्यांच्या लांबीत झुकाव शिरेल. कदाचित सगळ्यांत सारखाच शिरेल. कदाचित नाही.  त्याने कोनाड्यातली सोरोबान काढून आणली, गुडघ्यांवर घेतली आणि बाहीने तिच्यावरची धूळ पुसली.

ओतोयो दोन्ही हात मांडीवर ठेवून त्याच्याकडे पाहत होती. तिच्याकडे पाहायचे त्याने टाळले.

“सरका जरा तिकडे,” तो शुसाईला म्हणाला. “माझा उजेड अडवताय तुम्ही.”